मुलांचा लठ्ठपणा आणि घरातला मोबाइल: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्या आईबाबांसाठी

माझ्या मुलाची मान मी दोन महिने बेसन आणि दही लावून घासत होते. शाळेतून घामाघूम होऊन येतो, कॉलरखाली मळ साचत असेल, असं वाटायचं. मळ काही निघेना. शेवटी खोकल्यासाठी म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा त्यांनी कॉलर बाजूला करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा मळ नाही. घासू नका, कातडी सोलेल." मानेच्या घड्यांमध्ये उठणारा तो काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा म्हणजे शरीरात इन्शुलिनचं काम नीट होत नसल्याची खूण असू शकते. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये तो बऱ्याचदा दिसतो. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. घरात सगळे कौतुकानं गुटगुटीत म्हणायचे, खात्यापित्या घरचं पोर म्हणायचे. मीही म्हणायचे.

त्या रात्री मी फोनवर चार अॅप्स उतरवली. कॅलरी मोजणारं एक, पावलं मोजणारं एक, आणखी दोन कशाची ते आता आठवतही नाही. एक त्याच्याच हातात दिलं; त्यात नको त्या पदार्थाला लाल रंग यायचा. आठवड्याच्या आत तो पोळी उचलताना विचारायला लागला, "आई, ही खाल्ली तर लाल होईल का?" दहाव्या दिवशी त्याच्या दप्तरात चुरगळलेली बिस्किटांची पाकिटं सापडली. लपवून खायला मीच शिकवलं होतं. ते अॅप मी त्याच दिवशी काढून टाकलं.

त्यानंतरच्या वर्षभरात जे उपयोगी पडलं, ते सगळं फोन माझ्या हातात ठेवून आणि त्याची नजर मुलाऐवजी घराकडे वळवून केलेलं होतं. मूल घरात आणलेलंच खातं, घरातल्या सवयीनंच झोपतं. आज पुन्हा पहिल्यापासून करायचं झालं तर ज्या क्रमानं करेन, त्या क्रमानं लिहिते.

पहिली पायरी: नीट मोजा

यंत्र कितीही चांगलं असलं तरी मोजमाप चुकलं की पुढचं सगळं चुकतं. उंचीसाठी खाली स्कर्टिंगची पट्टी नसलेली भिंत किंवा दाराची चौकट घ्या. मूल अनवाणी, टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. मुलीची वेणी किंवा अंबाडा सोडा, नाहीतर दोन सेंटिमीटर उगाच वाढतात. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून पेन्सिलीनं खूण करा आणि टेपनं जमिनीपासून मोजा. दोनदा मोजा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

वजनाचा डिजिटल काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यात. महिन्यातून एकदाच. रोज काट्यावर उभं केलं की आकडा पाण्यामुळे, जेवणामुळे वरखाली होतो आणि मुलाच्या मनात मात्र तोच घर करून बसतो. शरीरातली चरबी टक्क्यांत सांगणारे काटे मिळतात. लहान मुलांसाठी त्यांच्या आकड्यावर विसंबू नका.

यात एक जुनीच युक्ती आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा, ती मधोमध दुमडा आणि कमरेभोवती, बेंबीच्या वर, गुंडाळून पाहा. टोकाला टोक सहज भेटलं तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी हा निम्म्याचा निकष ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेनंही २०२२ पासून मार्गदर्शक सूचनांमध्ये घेतला आहे. आमच्याकडे सुतळीची टोकं भेटायला तीन बोटं कमी पडली. ती सुतळी मी गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

दुसरी पायरी: आकडा तक्त्यावर ठेवा

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, मिळतो. फोनच्या कॅल्क्युलेटरवर ४२ भागिले १.३८, पुन्हा भागिले १.३८. उत्तर २२. हाच आकडा मी एका वेबसाइटवर टाकला होता आणि समोर हिरव्या रंगात "नॉर्मल" असं आलं होतं. मला हायसं वाटलं, आणि तिथंच फसले. ती मोजपट्टी मोठ्या माणसांची होती. तिनं वय विचारलंच नव्हतं. मोठ्या माणसाला २२ ठीक आहे. नऊ वर्षांच्या मुलाला ठीक नाही.

म्हणून पहिली कसोटी ही: जे अॅप किंवा साइट मुलाची जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी हे विचारत नाही, ती बंद करा.

५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे, म्हणजे आयएपीचे, २०१५ चे वाढीचे तक्ते वापरतात. ते तयार करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा पुढाकार होता. बीएमआयच्या तक्त्यावर दोन रेषा महत्त्वाच्या. एक, मूल त्याच रेषेनं वाढलं तर मोठेपणी २३ बीएमआयवर पोचेल अशी, तिच्यापलीकडे जास्त वजन. दुसरी तशीच २७ वर पोचणारी, तिच्यापलीकडे लठ्ठपणा. पाश्चात्त्य तक्त्यांत हे आकडे २५ आणि ३० असतात. आपल्याकडच्या शरीरांत कमी बीएमआयलाही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेहाचा धोका लवकर सुरू होतो, म्हणून रेषा खाली घेतल्या आहेत. परदेशी अॅपवर मूल "ठीक" दिसलं तरी आयएपीच्या तक्त्यावर एकदा पाहाच. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर हे तिथल्या डॉक्टरांशी आवर्जून बोलावं.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते लागतात. अंगणवाडीत जात असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. २०२१ पासून अंगणवाडी सेविका मुलांची उंची आणि वजन पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपमध्ये भरतात. तुमच्या मुलाची नोंद दाखवायला सांगा. आपल्याकडे अंगणवाडी म्हटलं की कुपोषणच आठवतं आणि ते खोटं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाचच्या आतली ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. पण त्याच पाहणीत, त्याच वयोगटात, जास्त वजनाची मुलं आधीच्या पाहणीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेली होती. एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन्ही असतं.

आता तक्त्यावर, मुलाचं वय आणि बीएमआय जिथं जुळतात तिथं, एक टिंब आलं. एका टिंबावरून घाबरायचं नाही आणि निवांतही व्हायचं नाही. पुढची टिंबं कुठे जातात ते पाहायचं.

तिसरी पायरी: महिनाभराच्या ऑर्डरी काढा

या पायरीसाठी कुठलंच नवं अॅप लागत नाही. किराणा आणि खाणं घरपोच देणारी जी अॅप्स फोनमध्ये आधीच आहेत, त्यांतली मागच्या ऑर्डरींची यादी उघडा. वही घ्या आणि फक्त चार गोष्टींच्या रेघा ओढा: बिस्किटं आणि केक, वेफर्स आणि फरसाण, गोड पेयं, बाहेरचं तयार जेवण. सोबत यूपीआयची यादी बघा, कारण कोपऱ्यावरच्या बेकरीचे आणि वडापावच्या गाडीचे पैसे तिथं दिसतात.

मला वाटत होतं, आमच्याकडे "कधीतरी" मागवतात. रेघा ओढल्या तेव्हा एका महिन्यात बाहेरचं तयार जेवण अकरा वेळा आलं होतं, त्यातलं आठ वेळा रात्री नऊनंतर, म्हणजे मी कामावरून उशिरा आले त्या दिवशी. वेफर्सची मोठी पाकिटं चौदा. त्यातली बरीचशी नवऱ्यानं क्रिकेटच्या मॅचला मागवलेली. मुलानं स्वतः मागितलेलं त्यात फारच थोडं होतं. ती वही पाहून मला रडू आलं, कारण नऊ वर्षांच्या पोराला मी "तुझ्या जिभेवर ताबा ठेव" म्हणत होते.

यादी हाती आली की बदल फोनमध्येच करता येतात.

१. या अॅप्सची नोटिफिकेशन बंद करा. संध्याकाळी पाच वाजता, नेमकं मूल शाळेतून येतं तेव्हा, पिझ्झ्याची जाहिरात वाजायचं कारण नाही.
२. जतन केलेलं कार्ड काढा, यूपीआयचा पिन मुलाला देऊ नका. दोन मिनिटांचा अडथळासुद्धा पुष्कळ काम करतो.
३. "पुन्हा ऑर्डर करा" या यादीत आधी फळं, दही, चणे, शेंगदाणे, मुरमुरे येतील अशी एक ऑर्डर मुद्दाम तयार करा. दमलेलं बोट पहिल्या ओळीवरच पडतं.
४. ज्या दिवशी उशीर होणार त्या दिवसाची आदल्या रात्रीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये लावा आणि त्या दिवसासाठी थालीपिठाची भाजणी, भिजवलेली मूगडाळ किंवा उकडलेली अंडी ठरवून ठेवा.

चौथा मुद्दा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला.

चौथी पायरी: पाकिटाची मागची बाजू

बारकोड स्कॅन करून पदार्थातली साखर, मीठ आणि चरबी दाखवणारी अॅप्स आहेत. ओपन फूड फॅक्ट्स हा फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेला, लोकांनीच भरलेला मोफत माहितीसाठा त्यातला एक. भारतातली सगळी पाकिटं त्यात सापडत नाहीत. सापडलं नाही तर फोनच्या कॅमेऱ्यानं मागचा बारीक मजकूर मोठा करून वाचा, तेवढंही पुरतं. पाहायचा रकाना एकच: १०० ग्रॅमला किंवा १०० मिलीला साखर किती. ४ ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा.

दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यावर १०० ग्रॅमला ३० ग्रॅम साखर लिहिली असेल, आणि तुम्ही एका कपात २० ग्रॅम पावडर घालत असाल, तर दीड चमचा साखर आधीच गेली. वर आपण सवयीनं एक चमचा घालतोच. असे दोन कप म्हणजे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या, म्हणजे कॅलरींच्या, १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक बरं. १६०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे तेच पाच चमचे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली दाखवू नका असं सांगितलं, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. डब्यावरच्या उंच उडी मारणाऱ्या मुलाच्या चित्रापेक्षा मागचा रकाना वाचा.

हे काम मुलाला द्यायला हरकत नाही, कारण इथं तपासणी पाकिटाची होते, त्याच्या पोटाची नाही. आमचा मुलगा दुकानात स्कॅन करून आजीला सांगायला लागला, "आजी, यात सहा चमचे आहेत." ती कोल्ड्रिंकची २५० मिलीची बाटली होती. सासूबाईंनी डोळ्यांसमोर सहा चमचे साखर वाटीत काढून पाहिली आणि त्या दिवसापासून पाहुण्यांसाठीसुद्धा घरात कोकम सरबत होतं, कमी साखरेचं. मी वर्षभर सांगून जे झालं नव्हतं, ते त्या वाटीनं केलं. शाळेतही हे चालू झालंय: मे २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळांना साखरेचे, म्हणजे कशात किती साखर असते हे दाखवणारे, फलक लावायला सांगितलं. तुमच्या शाळेत लागला आहे का, विचारा. आणि २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या कँटीनमध्ये आणि आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकता येत नाहीत, हेही पालकसभेत बोला.

पाचवी पायरी: ताटाचे फोटो, सगळ्यांचे

घरातल्या मोठ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप करा आणि फक्त दोन आठवडे प्रत्येकानं आपल्या ताटाचा, बशीचा, डब्याचा फोटो टाकायचा. बाबांनी, आईनं, आजीआजोबांनी, मुलाला सांभाळणाऱ्या मावशींनीही. कॅलरी लिहायच्या नाहीत, शेरे मारायचे नाहीत. दोन आठवड्यांनी एकत्र बसून फोटो वर सरकवत पाहा. भाजी किती ताटांत आहे? चहाबरोबर बिस्किट किती वेळा? आमच्याकडे कळलं की चार वाजता मी डबा देते, पाचला आजी शिरा देते आणि सहाला आजोबा फिरायला नेऊन भेळ देतात. तिघांनाही वाटत होतं की पोर उपाशी आहे. कोणी चुकीचं नव्हतं, कोणाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं एवढंच. आता ग्रुपवर "चारचं झालं" असा एक निरोप येतो.

सहावी पायरी: स्क्रीन, जेवण, झोप

इथं फोनच कारणाचा भाग आहे. कार्टून लावून भरवलेलं मूल पोट भरल्याची खूण ओळखायला शिकत नाही, घास येत राहतो आणि तोंड उघडत राहतं. लहान मुलांच्या आयांना मी हात जोडून सांगेन, भरवताना मोबाइल धरू नका. पहिले चार दिवस मूल कमी खाईल. खाऊ द्या कमी.

आयएपीची शिफारस अशी: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, दोन ते पाच वर्षं दिवसाला एका तासाच्या आत, पाच ते दहा वर्षं दोन तासांच्या आत. हे पाळायला अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम आहे. दोन्हींत रोजची मर्यादा आणि रात्रीची बंद वेळ ठरवता येते. सोबत व्हिडिओ आपोआप पुढे चालू राहण्याची सोय बंद करा. मुलाला विश्वासात घेऊन, समोर बसवून हे करा. आणि स्वतःच्या फोनलाही बंद वेळ लावा, नाहीतर ते शिक्षेसारखं वाटतं.

झोपेचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. झोप कमी झाली की भूक वाढते आणि गोड, तेलकट खावंसं वाटतं. सगळे चार्जर हॉलमध्ये आणले आणि रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन तिथं ठेवायला लागलो. मुलगा अर्धा तास आधी झोपायला लागला.

सातवी पायरी: खेळ

५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळणं हवं. पावलं मोजणारा पट्टा मुलाच्या मनगटाला बांधण्याऐवजी सोसायटीतल्या पालकांचा ग्रुप करा: आज साडेपाचला मैदानावर कोण नेणार, एवढंच त्यात लिहायचं. डबा ऐसपैस, लंगडी, सायकल, दोरीवरच्या उड्या, काहीही. मूल एकटं खेळत नाही, सोबत लागते, आणि सोबत जमवायला फोन फार चांगला. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा यूट्यूबवर लेझीम किंवा नाच लावून सगळ्यांनी नाचा.

आठवी पायरी: अॅप घेण्याआधी थांबा

मुलांसाठी वजन कमी करायची अॅप्स बाजारात आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये एका नामांकित वजन-नियंत्रण कंपनीनं ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी कर्बो नावाचं अॅप आणलं होतं, त्यात पदार्थांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग होते. आहारतज्ज्ञांनी तेव्हाच इशारा दिला की यानं मुलांचं खाण्याशी नातं बिघडेल. मार्च २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं पालकांच्या परवानगीशिवाय लहान मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल कंपनीकडून १५ लाख डॉलर दंड घेतला आणि ती माहिती पुसून टाकायला लावली. हे वाचताना मला "लाल होईल का?" हा माझ्या मुलाचा प्रश्न आठवला.

आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती घेण्याची, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई करण्याची तरतूद आहे. तरी सावध राहा. मुलाचं खरं नाव, फोटो, शाळा अॅपमध्ये भरू नका. "आधी आणि नंतर"चे फोटो मागणारं, आठवड्यात अमुक किलो उतरवून देणारं, पावडर विकणारं अॅप नकोच. मुलाचं वजन वर्गाच्या ग्रुपवर कधीही टाकू नका.

नववी पायरी: डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

सलग तीन महिने टिंब वर चढत असेल, मान किंवा काखा काळ्या पडत असतील, मूल मोठ्यानं घोरत असेल किंवा दिवसा पेंगत असेल, वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, किंवा शाळेत चिडवण्यामुळे मूल गप्प झालं आहे, तर थांबू नका. गावात बालरोगतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर फोनवरून मोफत सल्ला मिळतो. पण पहिली तपासणी शक्यतो समोरासमोर व्हावी, कारण मान आणि रक्तदाब कॅमेऱ्यातून कळत नाहीत. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडची नोंदही मागून घ्या.

फोनमध्ये एक फोल्डर करा. त्यात महिन्याचे उंची-वजनाचे आकडे, तक्त्याचा फोटो, जन्माच्या वेळचं वजन, आईवडिलांची उंची, घरात कोणाला मधुमेह किंवा थायरॉइड आहे ते, चालू औषधं, आणि दोन आठवड्यांच्या ताटांचे फोटो. स्टिरॉइडची औषधं पोटात गेली असतील तर ते आवर्जून लिहा.

आमच्या फोल्डरमधली आठव्या महिन्याची नोंद अशी आहे: उंची १४२, वजन साडेबेचाळीस. वजन अर्धा किलो वाढलं, पण उंची चार सेंटिमीटर वाढल्यानं बीएमआय २२ वरून २१ वर आला. वाढत्या वयात बहुतेक मुलांचं वजन उतरवावं लागत नाही, ते थोपवून धरलं की उंची गाठते. टिंब अजून वरच्या रेषेपलीकडेच आहे, तिच्या जवळ आलंय. कपाटातल्या सुतळीऐवजी आता तिच्याहून चार सेंटिमीटर जास्त लांब, नवी सुतळी कापावी लागते. परवा दुमडून गुंडाळली तर एक बोट कमी पडलं.